जुन्या कौलारू घराची सर्व्हिस वायर हलवून घेताना

कोकणातील पुष्कळ जुनी घरे गावात वीज येण्याच्या आधीची आहेत. घर बांधताना वायरीचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. त्यामुळे पुढे वीज आली तेव्हा खांबावरची वायर जिथे सोय दिसली तिथून, बहुधा वळचणीखालून किंवा एखादे कौल सरकवून, आत घेतली गेली आणि मीटर ओटीवर किंवा थेट माजघरात लाकडी फळीवर बसला. नंतर पडवीपुढे पत्र्याची शेड आली, परसातला फणस वाढला, आणि एके काळी कोणाच्याही वाटेत नसलेली ती वायर आज पत्र्याला घासते, फांदीत अडकते किंवा शाकारणीसाठी छपरावर चढणाऱ्या माणसाच्या पायात येते. अशी वायर हलवून घेणे फार अवघड नाही, परंतु कामाचा क्रम चुकला तर ते जिवावर बेतू शकते. म्हणून विजेच्या कामाशी पूर्वी संबंध न आलेल्या घरमालकासाठी तो क्रम येथे मांडला आहे.

आपले काय आणि महावितरणचे काय

खांबापासून मीटरपर्यंत येणारी वायर म्हणजे सर्व्हिस वायर. घरातला मेन स्विच मीटरनंतर असतो, त्यामुळे तो बंद केला, फ्यूज काढून हातात घेतले, तरी सर्व्हिस वायरीत २३० व्होल्टचा दाब कायम राहतो. खांबावरची जोडणी सोडवली तरच ती मृत होते. तिच्या मागे असलेला फ्यूज ट्रान्सफॉर्मरपाशी असतो आणि तो अनेक घरांचा एकत्रित भार पेलण्यासाठी बसवलेला असतो, त्यामुळे माणसाला धक्का बसला म्हणून तो उडत नाही. नवख्या माणसाने बाकी सारे विसरले तरी एवढे लक्षात ठेवावे.

म्हणून खांब ते मीटर या टप्प्यातील कोणतेही काम महावितरणच्या माणसानेच, किंवा महावितरणने लेखी परवानगी दिलेल्या परवानाधारक ठेकेदाराने त्यांच्या देखरेखीखाली करायचे असते. गावातला ओळखीचा वायरमन कितीही हुशार असला तरी त्याला मीटरचे सील तोडायला किंवा चालू वायर सरकवायला सांगू नये. मीटरमध्ये हस्तक्षेप झाल्याचे आढळल्यास विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरीची कारवाई होऊ शकते, आणि त्या वेळी ‘आम्ही फक्त जागा बदलली’ हे उत्तर उपयोगी पडत नाही.

मीटरमधून बाहेर पडणाऱ्या वायरीपासून पुढचे सर्व, म्हणजे मेन स्विच, बोर्ड, घरातील वायरिंग आणि आपले अर्थिंग (गळणारी वीज जमिनीत सोडणारी जोडणी), ही घरमालकाची जबाबदारी आहे. ते काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून त्याचा टेस्ट रिपोर्ट घ्यावा लागतो. या दोन भागांची वाटणी एकदा मनात पक्की झाली की पुढचा प्रत्येक निर्णय सोपा होतो.

आधी जमिनीवरून पाहणी

शिडी न लावता, दिवसाच्या उजेडात, खांबापासून मीटरपर्यंत वायर डोळ्यांनी तपासावी. जवळ दुर्बीण असल्यास उत्तम, नसल्यास मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळचे दृश्य टिपून घ्यावे. वायर जिथे पत्र्याच्या कडेला टेकते तिथे तिच्या काळ्या आवरणावर घासून आलेली चकाकी दिसते आणि पत्र्यावर त्याच रेषेत जस्त निघून तांबूस गंजाचा ओरखडा उमटलेला असतो. तो ओरखडा म्हणजे प्रत्येक वाऱ्यासरशी आवरण थोडे थोडे कापले जात असल्याची खूण आहे. आवरण पूर्ण कापले गेले की संपूर्ण पत्रा आणि त्याचे लोखंडी खांब विजेने भारले जातात, आणि भर पावसात ओल्या अंगणात उभा असलेला माणूस त्या खांबाला हात लावतो.

याबरोबर आणखी काही गोष्टी पाहाव्यात. सर्व्हिस वायर ज्या लोखंडी तारेच्या आधाराने ओढलेली असते ती आधारतार गंजली आहे का, आणि तिचे घराकडचे टोक भिंतीला बांधले आहे की वाशाला, हे पाहावे. कपडे वाळत घालण्याची तार त्याच खिळ्याला किंवा ब्रॅकेटला बांधलेली नाही ना, हे तर आवर्जून पाहावे. ही सवय कोकणात घरोघरी आढळते आणि पावसाळ्यातील अनेक अपघातांच्या मुळाशी ती असते. अशी तार असेल तर ती काढण्यासाठीही वायरीला हात लागेल असे काही करू नये. वायर पत्र्याला टेकलेली दिसली, किंवा पत्र्याला झिणझिण्या येतात असे घरात कोणी म्हटले, तर स्थलांतराच्या अर्जाची वाट न पाहता लगेच १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तोपर्यंत त्या बाजूला मुलांना व गुरांना जाऊ देऊ नये.

नवा मार्ग ठरवणे

या कामातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे आणि तो घरमालकाने स्वतः घेतला पाहिजे, कारण घराच्या छपराचे पाणी कुठून वाहते, कोणते झाड कुठे झुकणार आहे आणि पुढच्या पाच वर्षांत घरात काय बदल होणार आहेत, हे घरातल्यांनाच ठाऊक असते. पुष्कळ जणांना वायर दिसेनाशी करावीशी वाटते. माझे स्पष्ट मत असे आहे की सर्व्हिस वायर लपवू नये. ती आखूड असावी, उघड्यावर दिसावी, कोरडी राहावी आणि छपराशी तिचा कुठेही संबंध येऊ नये. पोटमाळ्यातून, वाशांमधून किंवा कौलांखालून गेलेली वायर उंदीर कुरतडतात, ती तापली तर कोणाला कळत नाही, आणि तिच्याभोवती असते ते सारे वाळलेले लाकूड.

म्हणून मीटर शक्यतो घराबाहेरच्या बाजूला, खांबाच्या सर्वांत जवळच्या भिंतीवर आणावा आणि घरात शिरणारा लांबचा पल्ला मीटरनंतरच्या, म्हणजे स्विच आणि एमसीबीच्या (जादा प्रवाह झाला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचच्या) संरक्षणाखालील केबलने पूर्ण करावा. बाजूची त्रिकोणी भिंत वळचणीपासून मोकळी असते, त्यामुळे ती सर्वांत चांगली. घर चौपाखी असेल आणि अशी भिंतच नसेल, तर भिंतीला घट्ट बसवलेला जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपचा उभा खांब किंवा अंगणाच्या कडेला उभारलेला सिमेंट-चिऱ्याचा स्वतंत्र खांब करून त्यावर मीटरपेटी बसवता येते. सुके दगड रचून केलेल्या गडग्यावर (कुंपणाच्या भिंतीवर) मात्र मीटर बसवू नये. गडगा पावसाळ्यात कधी ढासळेल याचा भरवसा नसतो.

उंचीचे आणि अंतराचे नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत दिलेले आहेत. घरगुती दाबाची तार इमारतीवरून जात असेल तर छपरापासून उभे अंतर किमान २.५ मीटर आणि बाजूने जात असेल तर आडवे अंतर किमान १.२ मीटर असावे लागते. त्याहून जवळ येणारी वायर पुरेसे आवरण असलेली आणि अर्थ केलेल्या आधारतारेला ठरावीक अंतरावर धातूच्या क्लिपांनी बांधलेली असली पाहिजे, आणि त्या आधारतारेची ताकद किमान ३५० किलोचा ताण सोसण्याइतकी असली पाहिजे. वायर रस्ता ओलांडत असेल तर ती जमिनीपासून ५.८ मीटर उंच हवी. वाडीत शेणखताचा ट्रक किंवा आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो येत असेल तर त्या वाटेवरही हीच उंची धरावी.

झाडांचा विचार वेगळा करावा लागतो. माडाखालून वायर नेऊ नये, कारण सुकलेले झाप किंवा नारळ नेमका वाऱ्यातच खाली येतो. फणस आणि आंबा यांच्या फांद्या छाटून मार्ग काढता येतो, परंतु ती छाटणी दरवर्षी करावी लागते, आणि वायरीजवळची फांदी स्वतः न तोडता महावितरणला कळवून पुरवठा बंद असतानाच तोडावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर झाडे व विजेचे खांब मोठ्या प्रमाणावर आडवे झाले, आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळ सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याला झोडपून गेले. असे झाड वायरीवर पडते तेव्हा तो सगळा झटका घराकडच्या ब्रॅकेटवर येतो. ते ब्रॅकेट वाशाला किंवा आढ्याला बांधलेले असेल तर छपराचा तो भाग वायरीबरोबर ओढला जातो. भिंतीत बसवलेले असेल तर फार तर ब्रॅकेट निघते.

खांब दूर असेल किंवा झाडी दाट असेल तर वायर जमिनीखालून नेण्याचा पर्याय असतो. त्यासाठी आर्मर्ड, म्हणजे धातूच्या कवचाची, केबल वापरावी आणि ती सुमारे ७५० मिलिमीटर खोल चरात, वाळूच्या थरावर ठेवून, वर पुन्हा वाळू, मग विटा किंवा चिऱ्याचे तुकडे आणि त्यावर धोक्याची पट्टी अशा क्रमाने झाकावी. वाट ओलांडताना ती जाड पाइपमधून न्यावी. कातळावरच्या घरांना एवढी खोली मिळवणे खर्चाचे जाते, हे आधीच लक्षात घ्यावे. चर माडाच्या आळ्यातून नेऊ नये, कारण तिथे दरवर्षी कुदळ पडते.

अर्ज आणि कागदपत्रे

महावितरणच्या उपविभाग किंवा शाखा कार्यालयात मीटर व सर्व्हिस वायर स्थलांतराचा अर्ज करावा. सोबत चालू वीजबिल, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा किंवा घरपट्टीची पावती, आणि हाताने काढलेला साधा नकाशा जोडावा. नकाशात खांब, घर, झाडे, जुना मार्ग आणि नवा मार्ग अंतरासह दाखवला की पाहणीला येणाऱ्या अभियंत्याचे काम सोपे होते आणि आपले म्हणणे कागदावर राहते. पाहणीनंतर खर्चाचे कोटेशन मिळते. हा खर्च साधारणपणे ग्राहकालाच करावा लागतो, आणि पैसे भरल्याची पावती मिळाल्याशिवाय कोणाच्या हातात रोख रक्कम देऊ नये.

कोकणात हे काम अडते ते बहुधा वायरीवर नव्हे, नावावर. बिल अजूनही आजोबांच्या नावाने येत असते, घर सामायिक असते, एक भाऊ मुंबईला, दुसरा बडोद्याला. अशा वेळी आधी बिलावरील नाव बदलून घ्यावे आणि सहहिस्सेदारांची लेखी संमती गणपतीत किंवा शिमग्याला सगळे गावी जमलेले असतानाच घेऊन ठेवावी. नवी वायर शेजाऱ्याच्या हद्दीवरून जाणार असेल तर त्याचीही लेखी ना हरकत घ्यावी. तोंडी होकार पुढच्या पिढीवर बंधनकारक नसतो. घरात पुढे गिझर, विहिरीचा पंप किंवा एसी बसवायचा विचार असेल तर मंजूर भार वाढवण्याची मागणी याच अर्जाबरोबर करावी, म्हणजे वायर एकदाच आणि योग्य जाडीची पडेल.

अर्ज पावसाळा संपल्यावर लगेच करावा. एप्रिल-मेमध्ये सगळे गाव शाकारणी आणि पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीच्या घाईत असते आणि लाइनमनही झाडे तोडण्यात गुंतलेले असतात.

भिंत आणि पाइप

ही तयारी घरमालक आपल्या गवंड्याकडून आधी करून ठेवू शकतो, कारण तिचा चालू विजेशी संबंध नाही. मात्र ती जुन्या वायरीपासून दूरच असली पाहिजे. जांभ्या दगडाचा चिरा कापायला सोपा आणि सच्छिद्र असतो, त्यामुळे साधे प्लॅस्टिकचे गिट्टे त्यात काही महिन्यांत सैल होतात. ब्रॅकेटसाठी भोक चिऱ्याच्या मधोमध घ्यावे, सांध्यात घेऊ नये, आणि त्यात सिमेंट भरून बोल्ट पक्का करावा. भिंत मातीच्या सांध्याची असेल तर आरपार बोल्ट घेऊन आतून लोखंडी पट्टी द्यावी. अशा भिंतीत वायर पुरण्यासाठी आडवी खाच मारू नये, त्याने भिंत दुबळी होते.

घरात शिरणाऱ्या पाइपचे भोक आतून बाहेर उतरते ठेवावे आणि पाइपचे बाहेरचे तोंड खाली वळवावे. वायरही पाइपमध्ये शिरण्यापूर्वी खाली झोळ घेऊन मग वर चढली पाहिजे, म्हणजे तिच्यावरून वाहणारे पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडते. कोकणातला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, त्यामुळे हा झोळ नसेल तर पाणी वायरीच्या अंगाने सरळ मीटरमध्ये उतरते. मीटरपेटी पागोळ्यांच्या रेषेत नसावी, तिची उंची वाचन घेणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असावी आणि तिच्यासमोर माणूस उभा राहील एवढी जागा मोकळी असावी. समुद्राजवळच्या घरांत लोखंडी पेटी खाऱ्या हवेने लवकर सडते, तिथे चांगल्या प्रतीच्या प्लॅस्टिकची बंद पेटी टिकते.

मीटरनंतरची केबल आणि बोर्ड

मीटर बाहेर गेला की मीटर ते जुना बोर्ड हा पल्ला वाढतो. मीटरच्या शेजारीच दोन्ही तारा तोडणारा डबल पोल एमसीबी बसवावा, म्हणजे घरात शिरणारी केबल पहिल्या फुटापासून संरक्षणाखाली येते. केबलची जाडी अंतरावर ठरते. तांब्याच्या ६ चौरस मिलिमीटर तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ३.१ ओहम असतो. २५ मीटर अंतरावर २५ अँपिअर भार घेतला तर जाण्या-येण्याच्या दोन तारांत मिळून जेमतेम ४ व्होल्ट खर्च होतात, ते चालते. तेच अंतर ६० मीटर झाले तर ९ व्होल्टहून अधिक घट होते आणि संध्याकाळी दाब आधीच कमी असताना पंप कुंथू लागतो. अशा वेळी १० चौरस मिलिमीटरची केबल घ्यावी. महावितरणची सर्व्हिस वायर बहुधा अ‍ॅल्युमिनियमची आणि घरातली तांब्याची असते. या दोन धातूंना थेट पिळून जोडू नये. खाऱ्या दमट हवेत असा सांधा पांढरी भुकटी धरतो, तापतो आणि जळतो. दोन्ही धातूंसाठी बनवलेला लग किंवा कनेक्टर वापरावा.

जुन्या बोर्डावर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतील तर एक गोष्ट जरूर पाहावी. त्या काळी फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) या दोन्हींवर फ्यूज बसवत असत. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवे विझतात, घरच्यांना वीज गेली असे वाटते, आणि वायरीत मात्र फेज जिवंत असते. वायर हलवण्याच्या निमित्ताने हा बोर्ड काढून एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असलेला नवा बोर्ड बसवावा. आरसीसीबी गळतीचा प्रवाह ओळखतो, जादा भार ओळखत नाही, म्हणून दोन्ही लागतात.

नवा आरसीसीबी जुन्या घरात पहिल्याच दिवशी पडत, म्हणजे आपोआप बंद होत, राहतो, आणि मग वायरमन तो काढून थेट जोडणी देतो. असे करू देऊ नये. त्याचे पडणे खरे असते: कुठेतरी ओल्या भिंतीतली वायर गळते आहे, कुठे न्यूट्रलला अर्थ समजून जोडले आहे, किंवा इन्व्हर्टरचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटमध्ये मिसळला आहे. एकेक सर्किट वेगळे करून दोष शोधावा लागतो.

अर्थिंग

जांभ्या जमिनीत अर्थिंग अवघड असते. पावसात ती पाण्याने भरते आणि मार्चनंतर कोरडी ठणठणीत होते, तेव्हा अर्थचा रोध कितीतरी वाढतो. समजा तो २० ओहम झाला. अशा वेळी मिक्सरच्या किंवा फ्रिजच्या धातूच्या अंगाला फेज लागली तर जमिनीत जास्तीत जास्त ११.५ अँपिअर प्रवाह जाईल. एवढ्यावर १६ अँपिअरचा एमसीबीसुद्धा पडणार नाही आणि फ्रिजचे अंग विजेने भारलेलेच राहील. आरसीसीबी मात्र क्षणार्धात पडेल. आरसीसीबीचा आग्रह का, ते या हिशेबावरून कळते.

अर्थचा खड्डा घराच्या पायापासून किमान दीड मीटर दूर, न्हाणीच्या पाण्याने किंवा विहिरीच्या सांडपाण्याने ओल टिकणाऱ्या जागी घ्यावा. जीआय पाइप घेतल्यास तो निदान ४० मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर लांबीचा असावा. कातळ लागल्यास अर्धवट पाइप पुरून वेळ मारून नेऊ नये. बोअर मारून घ्यावा किंवा माती असलेल्या दुसऱ्या जागी खड्डा हलवून तिथपर्यंत अर्थची तार न्यावी. नळाच्या पाइपला अर्थ जोडण्याची जुनी पद्धत आता निरुपयोगी आहे, कारण मध्येच पीव्हीसीचा तुकडा आलेला असतो.

जोडणीचा दिवस

काम कोरड्या दिवशी, सकाळी सुरू करावे. त्या आधी ठेकेदाराने घरातील वायरिंगची मेगरने (आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) ५०० व्होल्टवर चाचणी घ्यावी. टीव्ही, फ्रिज, इन्व्हर्टर अशी सर्व उपकरणे त्या वेळी काढलेली असावीत आणि आवरणाचा रोध किमान १ मेगाओहम मिळावा. लाइनमनने खांबावरून पुरवठा तोडल्यावरही मीटरकडच्या दोन्ही टोकांची तपासणी झाल्याशिवाय कोणी हात लावू नये. खिशातल्या निऑन टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वायर मृत आहे असे मानू नये. तपासणी व्होल्टमीटरनेच करावी आणि तो व्होल्टमीटर आधी एखाद्या चालू जागी लावून पाहावा. शेजाऱ्याचा इन्व्हर्टर किंवा जनरेटर आपल्या बोर्डाला जोडलेला असेल तर तो या काळात पूर्ण वेगळा करावा, कारण त्याची वीज उलट वाटेने खांबावरच्या माणसापर्यंत पोहोचते.

जोडणी झाल्यावर लाइनमन जाण्यापूर्वी मीटरवरील सील आणि मीटर क्रमांक, तसेच मीटरचे वाचन यांचे छायाचित्र घ्यावे. फेज आणि न्यूट्रल उलटे झालेले नाहीत हे ठेकेदाराकडून पाहून घ्यावे. आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून तो पडतो याची खात्री करावी, आणि पुढे दर महिन्याला तेच बटण दाबावे. जुनी वायर, जुने ब्रॅकेट आणि वळचणीतले रिकामे भोक यांपैकी काहीही मागे ठेवू नये. वापरात नाही म्हणून कापून सोडलेली वायर पुढे कोणीतरी मंडपाच्या दिव्यांसाठी जोडतो. भोक सिमेंटने बुजवावे आणि कौल जागेवर बसवावे. नव्या मार्गाचा आणि अर्थच्या खड्ड्याचा नकाशा बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा, आणि दर मे महिन्यात शाकारणीसाठी माणसे छपरावर चढण्याआधी वायर, आधारतार व झोळ जमिनीवरून पुन्हा एकदा पाहून घ्यावेत.